कात्रीची कडी

दवाखान्यात माझ्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आणि त्यांची मुलगी बसल्या होत्या. बाईंच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ होती आणि मांडीवर मोठी कात्री.

"आई, वर्षभर बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, कात्रीचा घट्टा आहे. आमच्यात सगळ्यांनाच पडतो."

"घट्टा एवढा वाढतो होय?"

"वाढला खरा. अंगठा कडीत जाईना, मग लोहाराकडून कडीच मोठी करून घेतली. दोनदा."

"धन्य आहेस! हात दाखवायचा सोडून कात्री दुरुस्त केलीस?"

"कात्रीवाचून काम अडतं गं."

"डॉक्टरांचं नीट ऐकलंस ना? आधी गाठीचा तुकडा काढून तपासणार. गाठ साधी असेल, नसेलही. काढावी तर लागणारच."

"काढू देत."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर कात्री आणलीय. कापड कापताना अंगठा कसा वळतो ते डॉक्टरांना दाखवते. तेवढं सांभाळून काढा म्हणावं. आणि जाताना लोहाराकडे थांबू. कडी पुन्हा लहान करून घ्यायचीय."

"अगं, रिपोर्ट तर येऊ दे!"

"येऊ दे की. गाठ गेल्यावर एवढ्या कडीत अंगठा डुगडुगेल."