विज्ञानाले वन्स मोर

एकटीनं कार्यक्रमाले जाण्यात काय मजा असते, ते मले पंच्याऐंशी सालाच्या आसपास ब्रह्मपुरीत समजलं. आमच्याकडे नाटकं रात्रभर चालतात. गाणं आवडलं की लोक 'वन्स मोर' ओरडतात, अन् नट पुन्हा गातो. तिथं नेहमी नवरा सोबत असे. या खेपेले तो गावाले गेलेला, अन् कॉलेजच्या मैदानावर होते विज्ञानाचे खेळ. मी चादर घेऊन गेली अन् पुढंच बसली.

मंचावरच्या सरांनी नारळाच्या शेंड्यांवर जांभळी पूड टाकली, वरून ग्लिसरीन ओतलं.

"चमत्कार दाखवणारे बुवा म्हणतात, मंत्रानं आग लागते. मी मंत्र म्हणत नाही. बघा!"

थोडा वेळ काहीच नाई. मग एकदम भडका!

माझ्या तोंडून निघालंच, "वन्स मोर!"

सारं मैदान माझ्याकडे पाहून राह्यलं. सर म्हणाले, "बाई, हे नाटक नाही, विज्ञान आहे."

आता माघार कशी घ्यायची? मी म्हटलं, "म्हणून तं, सर! खरं विज्ञान असन, तं दुसऱ्या खेपेलेही पेटन!"

सरांनी हसत पुन्हा पूड टाकली, ग्लिसरीन ओतलं. पुन्हा भडका! मग ते माइकवर म्हणाले, "माझं समारोपाचं भाषण बाईंनीच करून टाकलं."

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "बाईले वन्स मोर!"