पोरीच्या हातचे पत्ते

मी आमगावजवळच्या खेड्यातला, घरी धानाची शेती, पन शेतीत माझं मन काही रमलं नाही, खोटं कायले बोलू. आमगावच्या बजारात व्हिडिओ होता, म्हंजे टिनाची खोली, एक टीव्ही, एक व्हीसीआर अन् बसाले खाली सतरंजी, तो मी चालवत होतो. हिंदी पिक्चर तं लागतच होते, पन गर्दी होये ते चायना पिक्चरले. आमी चायनाच म्हनत होतो, आता माझ्या पोरीनं, रोशनीनं मोबाइलात पाहून सांगतलं, का बाबूजी ते हाँगकाँगचे, भाषा कँटोनीज. असंल. आमाले तवा एक अक्षर समजत नव्हतं, म्हनून मी बाजूले माइक घेऊन उभा राहो अन् मनानंच सांगो, का पाहा भाऊ, या कोटवाल्याच्या बाहीत एक्का आहे, तो हासून राहिला म्हंजे समोरचा गेला. जुगार, जुगारात बेइमानी, बेइमानी पकडली का टेबल उलटा, मंग लाथाच लाथा, मानूस कौलावरून उडे.

काय सांगू तुमाले, पाहून पाहून डोक्यात एकच गोष्ट बसली, का जो पयले हासत हासत हारते तोच शेवटी घर लुटून नेते. तवापासून माझा कोनावर भरोसा नाही. दूधवाल्यावर नाही, सोयऱ्यावर नाही. तुमी हे कायले लिहून राहिले तेही मले पुरतं समजलं नाही, पन लिवा.

तं रोशनीले सौंदडचं स्थळ आलं. पोट्टा चांगला, घरचं धान, पन भल्ता हासे. म्हन्लं, पक्कं कराच्या आधी मंडईले बोलावू, आमच्याकडे दिवाळी झाली का गावोगावी मंडई भरते, म्हंजे जत्राच, सोयरे येते, पत्ते होतेच. पैशाचा डाव आमच्या घरी नाही, चिंचोके ठेवतो. बसलो तीन पत्ती खेळाले. मी पत्ते पाहोच ना, त्याचे हातच पाहून राहिलो. अन् तो हारे. हारे अन् हासे, वा मामाजी, वा. माझा डोका फिरला. मंग मोठा डाव आला, त्यानं पत्ते फेकले अन् पानी प्याले उठला. मी त्याचे पत्ते उलटवून पायले, तं तीन बादशा! त्याच्यावर फक्त एक्केच चालते. अन् माझ्या हातात होती सत्तीची जोडी.

मी उठलो, म्हन्लं, सोयरीक मोडली, जो तीन बादशा लपवते तो काहीही लपवंल, चालता हो. बायको म्हने, चिंचोक्यासाठी कायचा तमाशा करता? पोट्टा माझ्याकडे पाहेच ना, सैपाकघराच्या दाराकडे पाहे. तेवढ्यात रोशनी कनकीच्या हातानं बाहेर आली. म्हने, बाबूजी, त्याले काऊन बोलता, मीच सांगतलं त्याले हाराले. तुमी हारले का जेवत नाही, अन् चिडले का सोयरीक मोडता. मले याच्याशीच लगन कराचं आहे.

मी खालीच बसलो. मी त्याच्या हातावर डोळे ठेवून राहिलो अन् डाव माझी पोरगी खेळून राहिली होती. हासू आलं, अन् खरं सांगतो, भेवही वाटला.

लगन झालं. आता रोशनी सौंदडले, रोज संध्याकाळी फोन करते, म्हनते, मजेत आहो बाबूजी, तुमी जेवले का? जवाई चांगला दिसते, मी नाही म्हनत नाही. पन बापानं जेवावं म्हनून जे पोरगी दुसऱ्याले तीन बादशा फेकाले लावते, थे मजेत आहो म्हनते तं खरंच आहे का मी जेवावं म्हनून म्हनते? फोनवर मले तिचे पत्ते दिसत नाही. देव तिले सुखात ठेवो, खूप सुखात ठेवो. उद्या सकाळच्या गाडीनं मी सौंदडले जाऊन राहिलो. तिले फोन करून सांगू नका.