भैरोबाच्या खांद्यावरच्या दोन पाकळ्या

पंखा न्हाई लावायचा म्हनलं ना, साहेब. उकडलं तर उकडू द्या — बसा हितं, खांबाला टेकून. कौल लावायचाय, व्हय, कळलं मला. प्लॉटचा ना? हितं मार्गासनीच्या रस्त्याला पुन्याची गाडी थांबली की प्लॉटचाच कौल असतो — भैरोबाला आता सातबारा पाठ झाला असंल. पन थांबावं लागंल. देवाच्या खांद्यांवर आधीच दोन पाकळ्या हाईत, दिसत्यात का, झेंडूच्या? पान्यात बुडवून चिकटवायच्या — उजवी आधी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. त्या पडल्याबगर दुसऱ्याचं इचारता येत न्हाई. कुनाच्या? हाईत एका बाईच्या. सकाळी लावल्यात. एरवी चहा पिऊन होईस्तवर पडत्यात, आज ऊन डोक्यावर आलं तरी चिकटून हाईत.

गुरवकी आमच्या मालकांची, मी आपली त्यांच्या जागी बसलीया. मालकांचा इश्वास म्हंजे सरळ — देव बोलतो, आपुन ऐकायचं, मधी डोकं घालायचं न्हाई. आन आमची लेक स्नेहल, भोरला कॉलेजात सायन्स शिकली, ती म्हनते, आई, तेल लावून लावून उजवा खांदा गुळगुळीत झालाय, म्हनून देव सारखा व्हयच म्हनतो. एकदा तिनं मुद्दाम पंखा लावला. दोनी पाकळ्या संगंच खाली. मला वाटलं, आता बापलेकीचं जुंपनार — तर मालक शांतपनी म्हनले, आज देवाला बोलायचं न्हाई, आन पाकळ्या गोळा करून गेले. असल्या मानसाशी भांडायचं तरी कसं?

माझं? माझं ह्यांच्यावानीबी न्हाई आन तिच्यावानीबी न्हाई. मला पाकळी पडायच्या आधीच आतनं कळतं. कसं ते इचारू नका — पाठ करून बसलं तरी तव्यावरची भाकरी झाली हे कळतंच ना, तसं. धोंडाबाईची हरवलेली म्हैस येनार, मला आधी कळलं होतं. सरपंच पडनार, तेबी कळलं होतं — ते तर सगळ्यांनाच कळलं होतं म्हना. आज मातर आत काईच न्हाई. सकाळपास्नं बघतीया, काईच न्हाई.

कुनाचं इचारलंय? मालकांचंच. बाई म्हंजे मीच. पुन्याला हाईत, आज छातीचं ऑपरेशन हाय. जलमभर गावाचे कौल लावलेला मानूस, जाताना म्हनतो कसा — माझं इचारू नको, देवाला अडचनीत टाकू नको. आन ती सायन्स शिकलेली दवाखान्यातनं फोन करून हळूच इचारते, आई, कौल लावलास का? मग लावला म्या. काय करनार? डावी हलल्यावानी वाटती का तुमाला? न्हाई ना? नीट बघा. मला लई भ्या वाटतंया, साहेब.

थांबा — फोन वाजतोय. स्नेहलचाच हाय.

उचलते, उचलते. दोनी अजून तितंच हाईत... साहेब, उठा, ते बटन दाबा. पंख्याचं, व्हय, पंख्याचंच. अजून जोरात करा. पडू देत दोनी संगंच — देवाला अडचनीत टाकू नको, सांगून गेल्यात मालक मला.

आन तुमी निघा आता. प्लॉट घ्या, न्हाईतर नका घेऊ. मला फोन घ्यायचाय.