पायाचा क्लच

मी मूळचा उमरेडचा, कोष्ट्याच्या घरचा, बाप हातमागावर लुगडी विने, पन माह्यं मन काही मागावर लागे नाई, म्हनून नागपुरात आलो आन अमरावती रोडवर वाडीले ट्रकच्या गॅरेजात लागलो. हमीदचाचा माहे उस्ताद, नटबोल्ट कसा पकडाचा इथून त्याइनं मले शिकवलं. काय सांगू तुमाले, बारा वर्सं चांगली गेली आन एक दिवस ट्रकचा गिअरबॉक्स जॅकवरून घसरला, सरळ डाव्या हातावर, मधली तीन बोटं गेली. मालकानं दवाखान्याचा खर्च केला, नाई म्हनत नाई, पन मंग म्हने, मनोहर, तू आता गेटवर बस, गाड्याइचे नंबर लिहून घे. मिस्त्री मानसाले गेटवर बसवलं तर त्याचं कसं होत असन, तुमीच पाहा.

तवा कुही तालुक्याकडं वावरावावरात डिझेलचे पंप आले होते, बंद पडले का शहरातून मिस्त्री न्या लागे, आन एसटी जाय दिवसातून एकडाव. मी म्हटलं, आपली गाडी पायजे, गावोगाव जाऊन पंप दुरुस्त करू. पेट्रोल काही परवडे नाई. भंगारातून जुन्या मोटारसायकलचा सांगाडा आनला, गिअरबॉक्स त्यातच होता, आन एका शेतकऱ्यानं टाकून दिलेलं पंपाचं लहान इंजन त्याच्यावर बसवलं.

इंजन सुरू झालं हो, पन क्लच धरेना! डिझेल हळू फिरते आन धक्का मोठा मारते, थो जोर जुन्या क्लचले सोसेना, गाडी उभीच आन प्लेटा जळून राहिल्या, मोहल्ल्यात वास. इंजनावर चेनचं मोठं चाक लावलं, गिअरबॉक्सवरचा जोर कमी झाला, तरी प्लेटा सरकतच. मंग कडक स्प्रिंगा टाकल्या. आता प्लेटा धरल्या, पन क्लचचा दांडा दाबाले ताकत पायजे, आन डाव्या हातात बोटं कुठी?

चाचा आले, पाहिलं, म्हने, हे काढून फेक, तीनचाकी टेम्पोचा गिअरबॉक्स घाल, क्लच बी त्याचाच. म्हटलं चाचा, त्याच्यासाठी सांगाडा कापा लागन, गाडी जड होईन, चिखलात फसली तर मी एकटा काढन कसा? चाचा तापले. म्हने, मंग गेटवरच बस, अर्ध्या हाताचा मानूस मोटारसायकल चालवते का बे! आन निघून गेले. थे बोलनं लय लागलं मले.

दोन दिवस मी गाडीकडं पाहिलं नाई. माही बायको शेवंता मागावर बसली होती, पाय खाली खड्ड्यात, पावडीवर. म्हने, अवो, एक सांगा, थो क्लच हातानंच काहून दाबा लागते? म्हटलं, तसाच असते वं. म्हने, तसाच म्हंजे? मले दिवसभर पायानंच माग दाबा लागते, हात त नुसते इकडून तिकडं धोटा फेकतात.

मी उठलोच. ट्रकचं जुनं पेडल कापून डाव्या पायाखाली लावलं, गिअरची दांडी वर टाकीजवळ आनली, थे ढकलाले तळहात पुरे. स्प्रिंगा कडकच ठेवल्या, गिअरबॉक्स बी मोटारसायकलचाच.

शेवंताले मागं बसवून कुहीले निघालो. चढावर म्होरं बैलं आडवे आले, थांबलो. आता चढावरून उचला लागनार, तिथीच खरी परीक्षा. पाय हळू, हळू सोडला, गाडी थरथरली, अन् प्लेटा धरल्या, धकधक करत चढली वर. शेवंता मागून हासून राहिली आन माह्या डोयाले पानी.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. सरळ मागं बसले, अमरावती रोडनं एक चक्कर मारली. उतरून म्हने, मनोहर, मी चुकलो बेटा. गिअरबॉक्सचं नाई, थे मी अजूनबी तसंच म्हनन. हाताचं बोललो, थे चुकलो.

लय वर्सं चालली गाडी, आमच्या दोन पोरी तिच्या कमाईवर शिकल्या. मंग गावात वीज आली, मोटरपंप आले, इंजनं कमी झाली, गाडी घरीच उभी राहिली. मागच्या साली एका जुन्या गिऱ्हाइकाच्या वावरात बसनं गेलो, त शेतकऱ्यानं बटन दाबलं आन पानी धो धो आलं. थो मले पाहून कसानुसा झाला, जसं काही त्यानं माह्यं वाईट केलं. म्हटलं, काहून गा, पानी त आलं ना? येऊ दे. सगळ्याइच्या धानाले असंच येऊ दे. ओंजळभर पेलो, तोंड धुतलं, आन बसस्टँडकडं चालाले लागलो.