वहीतला गव्हाळ रंग

मंडळी, सावरून बसा. आज एकच विचारते. कुणाला वाईट वाटू नये म्हणून आपण शब्द बदलतो, तेव्हा दया नक्की कुणावर करतो? त्याच्यावर, की स्वतःवर? माना डोलवू नका, अजून मी काही सांगितलेलंच नाही!

मी परकर-पोलक्यात होते तेव्हाची गोष्ट. मिरजेला आमच्या आळीत द्वारकाबाई पोतदार लग्नं जुळवायच्या. जाडजूड वही, टाक, दौत. वहीत मुलीच्या पानावर एक रकाना — वर्ण. मुलाच्या पानावर? छे! तिथे शिक्षण, नोकरी, घर. मुलगा तव्याच्या बुडासारखा असला, तरी 'बँकेत आहे'!

आता रकान्यातली भाषा ऐका. गोरी असेल तर गोरी. त्याखाली उजळ. मग निमगोरी. मग गव्हाळ — गहू कुठला, ते विचारायचं नाही! त्याखाली 'सावळी, पण तरतरीत.' हा 'पण' बघा, केवढे उपकार करतोय! आणि अगदीच असेल तर रंगाचं नावच नाही, नुसतं 'नाकीडोळी नीटस.' लोक काय ते समजायचे. तीस वर्षांत 'काळी' हा शब्द बाईंच्या टाकातून उतरला नाही. आळी म्हणायची, केवढं मोठं मन! बाईंनाही ते पटलं होतं.

त्यांची नात शैलजा. आईवेगळी, आजीनं वाढवलेली, शाळेत मास्तरीण. चार वेळा पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बशा ठेवल्या, चारही वेळा नकार. पाचव्या खेपेला ती म्हणाली, "आजी, माझ्या पानावर काळी असं लिही. ज्यांना चालेल तेच येतील. मला पुन्हा लोकांची पडलेली तोंडं बघायची नाहीत."

"लिहिते हो."

टाक बुडवला, पण हात चालेना. बाईंना वाटलं, हा शब्द लिहिला तर पोरीला आपणच विहिरीत ढकललं. शाई सुकली. पुन्हा बुडवला. लिहिलं — गव्हाळ.

इचलकरंजीचे वेदपाठक आले. मुलगा, त्याची आई, त्याची आत्या. शैलजा हसतमुखानं बाहेर आली; यांना ठाऊक आहे, म्हणून निर्धास्त. आत्याबाईंनी पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि, "ये गं जवळ," म्हणत तिच्या गालावरून फिरवलं. तेव्हा अशीच रीत होती, पावडर लावलीय का ते बघायची! पदराला काहीच लागलं नाही.

"पावडर नाहीये," आत्याबाई म्हणाल्या. "मग गव्हाळ कुठून आलं?"

शैलजानं आजीकडे पाहिलं. आजीनं खाली.

मुलाची आई किती गोड बोलली म्हणून सांगू! "मुलगी गुणी आहे हो. आम्ही रंग बघणारी माणसंच नव्हेत. पण वहीत खोटं लिहिलंत, ते मनाला लागलं." बघा मंडळी! नकार काळ्या रंगाला, आणि वर सत्याची चाड! हे सोवळं त्यांना नेसवलं कुणी? द्वारकाबाईंनीच.

पाहुणे गेल्यावर शैलजा रडली नाही. बशा उचलता उचलता म्हणाली, "मला लाज वाटत नव्हती, आजी. तुला वाटत होती." आणि वहीतलं आपलं पान फाडून घेऊन गेली.

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आठवड्यानं एक गृहस्थ मुलासाठी आले. "बाकी काही अट नाही. फक्त मुलगी जरा उजळ हवी."

"उजळ म्हणजे?"

"म्हणजे... तुम्हाला माहीतच आहे की."

"मला काही माहीत नाही. तुम्ही सांगा, मी उतरवून घेते."

"अहो, म्हणजे अगदीच ती... तशी नको."

"काळी नको. असंच ना?" बाईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं, वही त्यांच्यापुढे सरकवली. "घ्या, खाली सही करा."

गृहस्थांनी चपला कशा घातल्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक! तीस वर्षं जो शब्द बाईंनी लिहिला नाही, त्याखाली सही करायला पुढेही कुणी धजला नाही.

हसलात? हसा, हसा. ती जुनी माणसं, जुना काळ, नाही का? आणि तुम्ही? परवा लेकीच्या बाळंतपणाला दवाखान्यात गेलात. नर्सबाईंनी दुपट्यातलं बाळ हातात दिलं. आधी काय केलंत, खरं सांगा. टोपडं सरकवून कानाची पाळी बघितलीत ना, पुढे रंग कसा येईल म्हणून? आणि म्हणालात, "उजळेल हो, उजळेल."

अहो, ते लेकरू चार तासांचं होतं. त्याची आई शेजारीच पडली होती, आणि ती जागी होती.