बंड्याच्या प्रदक्षिणा

सांगायचीसुद्धा लाज वाटते गं. तेलंगण वेगळं होत होतं, तेव्हाची गोष्ट. आमच्या म्हाताऱ्या बंड्या कुत्र्याच्या मणक्यांतल्या गाद्या झिजल्या, मागचे पाय लटपटू लागले. मलकपेठच्या जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून बजावलं, "महिनाभर चालवायचं नाही." मी मात्र नवस बोलले आणि त्याला घेऊन रोज मारुतीला अकरा प्रदक्षिणा घालू लागले. पंधरवड्यात त्याला उभंही राहवेना.

"आराम दिया ना, अम्मा?" पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं.

"हौ, पूरा दिया." सोळा सोमवार करणारी मी, सरळ खोटं बोलले!

त्यांनी बंड्याचे मागचे पंजे उलटून दाखवले. फरफटून नखं रक्ताळली होती, बोटांत देवळातला शेंदूर.

"मन्नत किसकी थी?"

"मेरी."

"इसकू आराम दिए तो अब्बी बी चलने लगेगा. चक्कर आप मारो, अम्मा."