बाराचा भोंगा

हसणार नसाल तर सांगते. त्सुनामी आणणाऱ्या त्या मोठ्या भूकंपाला तेव्हा वर्ष झालं होतं आणि मी नोकरी करायचे त्या त्सुकुबा शहरात आम्हा सगळ्यांना एकच सवय लागली होती: भोंगा ऐकला की बूट चढवायचे आणि उंच जागा गाठायची. त्यात मी ओकिनावाकडच्या एका चिमुकल्या बेटावर एकटीच फिरायला गेले. एकटी बाई बघून घरमालकीण आजींनी चौकशी केली. मी म्हटलं, संशोधन करते. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बेटाला कळलं, शास्त्रज्ञ आल्यात.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पोहे खात बसले होते, तोच भोंगा. डबा हातात घेऊन मी जी टेकडीवर सुटले, ती थेट देवळापाशी थांबले. मागे वळून बघते तर दोन कोळी आजोबा, पोस्टमन आणि शेवटी एप्रनसकट आमच्या आजी, धापा टाकत वर येतायत.

"त्सुनामी किती वाजता येणार?" आजींनी विचारलं.

"मला काय माहीत? भोंगा तुमचा वाजला."

"तो रोज बाराला वाजतो. जेवायच्या सुट्टीचा."

"मग तुम्ही का पळालात?"

"तुम्ही पळालात म्हणून. तुम्ही भूकंपाच्या शास्त्रज्ञ ना?"

"मी भाताच्या बियाण्यांवर काम करते, आजी."

पोस्टमन मटकन खालीच बसला. मी गुपचूप डबा उघडला आणि सगळ्यांना पोहे वाटले.

निघायच्या दिवशी सकाळी गावच्या लाऊडस्पीकरवर घोषणा झाली: "पाहुण्या शास्त्रज्ञ बाई दहाच्या बोटीने जाणार आहेत. त्यांना उशीर झालाय, त्या धक्क्याकडे धावतील. कृपया कोणीही त्यांच्या मागे धावू नये."